फाशाआधीचं बोलणं

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रोलप्लेइंग गेमचं टेबल कसं जमवायचं, यावर मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीच पत्रं सोलापूरची निघाली, म्हणून या वेळचं पान त्यांनाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी थोडक्यात : एक जण डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. बाकीचे तीन ते पाच जण एकेक पात्र घेतात, ते काय करतं हे तोंडाने सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला, तिथून हा प्रकार सुरू झाला. नकाशे, फासे, पात्रांच्या छोट्या मूर्ती असं सगळं असतं, पण खेळ चालतो तो बोलण्यावर. आणि माणूस दुखावतो तोही बोलण्यानेच. आलेली पत्रं सगळी त्याच अंगाची आहेत.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे पाच जण दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. मी डीएम. सुरू करण्याआधी सेशन झीरो, म्हणजे गोष्टीत काय चालेल आणि काय नाही हे ठरवायची बैठक, घ्यायचं असतं, ते घेतलं. ‘कुणाला काही अडचण?’ असं विचारलं. सगळे म्हणाले, ‘नाही बे, चालू कर.’ दहा मिनिटांत संपलं. तिसऱ्या रविवारी एका सीनमध्ये लहान मूल विहिरीत पडतं असं मी सांगितलं, तर एक मित्र उठून गेला तो आलाच नाही. माझं काय चुकलं? (जुळे सोलापूर)

उत्तर : तुम्ही प्रश्न विचारलात, पण उत्तर द्यायची सोय ठेवली नाहीत. चार दोस्तांसमोर ‘मला अमुक ऐकवत नाही’ असं कोण म्हणणार? आपल्याकडे तर अडचण विचारली की ‘नाही, नाही’ म्हणणं हीच रीत. म्हणून तोंडी विचारूच नका, कागद द्या.

ए-फोरच्या एका पानावर चौदा-पंधरा विषय एकाखाली एक लिहा : लहान मुलांना इजा, प्राण्यांना इजा, बुडणं, आग, साप, आत्महत्या, सावकार आणि कर्ज, दारू, हॉस्पिटल आणि लांबलेलं आजारपण, छळ, लैंगिक अत्याचार, जातीवरून अपमान, धर्मावरून दंगल, प्रेमप्रसंग. प्रत्येकापुढे तीन चौकोन : ‘चालेल’, ‘पडद्याआड’, ‘नको’. पाच झेरॉक्स काढा, पाचांना एकाच रंगाची पेनं द्या आणि फक्त टिक करायला सांगा. अक्षर लिहायला लावलं की पाच जणांत कुणाचं कुठलं ते लगेच कळतं. डीएमनेही कागद भरायचा. सगळे घड्या घालून एका डब्यात टाकतील, तुमच्याखेरीज कुणीतरी डबा हलवेल, मग तुम्ही एकाच कोऱ्या पानावर गोळाबेरीज कराल. नियम असा की सगळ्यात कडक उत्तर धरायचं. चौघांचं ‘चालेल’ आणि एकाचं ‘नको’ असेल तर पाचांसाठी ‘नको’. मूळ कागद तिथेच फाडून टाका. यादीत नसलेला विषय कुणाला सांगायचा असेल तर तुम्हाला एकट्याला मेसेज करायची मुभा ठेवा.

‘नको’ म्हणजे रेषा. तो विषय गोष्टीत येणारच नाही. ‘पडद्याआड’ म्हणजे घडेल, पण दाखवायचं नाही. जुन्या सिनेमात दोन फुलं एकमेकांवर टेकायची आणि आपल्याला समजायचं, तोच हा पडदा. रेषा आणि पडदा ही जोडी रॉन एडवर्ड्स या गेम डिझायनरने २००३ मध्ये मांडली. हल्ली बहुतेक टेबलांवर याच नावांनी ती चालते. ‘इतकं वगळलं तर गोष्टीत उरेल काय’, अशी शंका डीएमना हमखास येते. चौदापैकी चार विषय गेले तरी दहा उरतात, आणि ते दहा तुम्ही बिनधास्त रंगवू शकता, कारण चाचपडत खेळावं लागत नाही.

एवढ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सेशन झीरोला तासभर, फार तर दीड तास धरा. उरलेल्या वेळात गोष्ट विनोदी की काळोखी, एका पात्राने दुसऱ्यावर वार केलेला चालेल का, पात्र मेलं तर पुढे काय, हे ठरवून टाका.

गेलेल्या मित्राला फोन करून कारण विचारू नका. एवढाच मेसेज धाडा : ‘विहिरीचा भाग गोष्टीतून काढून टाकला. तुझी जागा आहे, वाटलं तर ये.’ आणि तो भाग खरोखरच काढा. पुढच्या रविवारी सुरुवातीला सांगा की ते मूल विहिरीत पडलंच नव्हतं. एका वाक्यात संपवा, त्यावर चर्चा नको.

प्रश्न : आमच्या टेबलावर मधोमध एक्स-कार्ड असतं. आठ सेशन झाली, एकदाही कुणी हात लावला नाही. म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायचं का? (होटगी रोड)

उत्तर : तसं समजू नका. न वापरलेलं कार्ड म्हणजे सगळं सुरळीत आहे असं असू शकतं, किंवा हात पुढे करायची कुणाची छाती होत नाही असंही.

हे कार्ड जॉन स्टाव्रोपोलोस यांचं. साध्या पुठ्ठ्यावर मोठी फुली. एखादा प्रसंग नकोसा झाला की कार्डाला हात लावायचा किंवा ते उचलायचं. डीएम तो प्रसंग वगळून पुढे जातो, कारण सांगावं लागत नाही. वाचायला सोपं आहे. पण टेबलाच्या मधोमध असलेल्या कार्डाकडे हात नेला की पाच जणांच्या नजरा त्या हातावर जातात. त्यात डीएम वयाने मोठा असेल, सगळे त्याला ‘अण्णा’ म्हणत असतील, तर अण्णांची गोष्ट थांबवायची म्हणजे उद्धटपणा, असं धाकट्यांना वाटतं.

यावर पहिला उपाय अण्णांकडेच आहे. पुढच्या सेशनच्या पहिल्या अर्ध्या तासात डीएमने स्वतः कार्ड उचलावं, तेही किरकोळ गोष्टीसाठी. ‘जखमेचं वर्णन मीच जरा जास्त केलं, ते खोडतो. जखम झाली, पट्टी बांधली, पुढे.’ सगळ्यांसमोर हे एकदा घडलं की कार्डाचा बाऊ जातो. कार्डाचे नियम दहा वेळा वाचून दाखवण्यापेक्षा हे जास्त कामाचं.

दुसरा उपाय : मधलं कार्ड काढा आणि प्रत्येकाच्या कॅरेक्टर शीटखाली, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदाखाली, एकेक द्या. ते नुसतं बाहेर सरकवलं तरी पुरे. ज्यांना तेही अवघड वाटतं त्यांच्यासाठी डीएमचा फोन टेबलावर उघडा ठेवा, त्यावर फुलीचा मेसेज आला की तेवढंच. शिवाय दार उघडं ठेवायची पद्धत ठरवा : कुणीही, केव्हाही, न सांगता उठून पाणी प्यायला किंवा घरी जाऊ शकतो आणि त्यावर कुणी काही विचारणार नाही. दर सव्वा तासाने दहा मिनिटांची सुट्टी घ्या. कार्ड उचलायला लाजणारा माणूस चहाच्या वेळी कोपऱ्यात गाठून सांगतो.

कार्ड उचललं गेलं की डीएमने काय बोलायचं ते पाठच करून ठेवा : ‘ठीक. ते नाही झालं. तुम्ही पुलाच्या पलीकडे पोचलात.’ बस. इथे डीएम नेहमी तीनपैकी एक चूक करतात. ‘का, काय झालं?’ विचारतात. किंवा पाच मिनिटं माफी मागत बसतात, त्यामुळे कार्ड उचलणाऱ्यालाच अपराधी वाटतं. तिसरी चूक सगळ्यात वाईट : वगळलेली गोष्ट दोन सेशननंतर दुसऱ्या वेषात परत आणतात. नेमकं काय वगळायचं हे कळलं नसेल तर ‘जागा की माणूस?’ असा दोन पर्यायांचा प्रश्न विचारायला हरकत नाही.

एक ध्यानात ठेवा, कार्ड गोष्टीसाठी आहे. टेबलाखालून कुणी पाय लावत असेल किंवा कुणाच्या रंगावरून टोमणे मारत असेल, तर ते कार्डाचं काम नाही. त्याचं उत्तर पुढे एका प्रश्नात आलं आहे.

प्रश्न : आमच्या डीएमने गोष्टीत एक जमात आणली आहे. ‘हे जन्मतःच चोर, यांची पोरंही चोर, दिसले की मारायचे, पाप लागत नाही.’ सगळे हसतात. मी सेटलमेंट भागात वाढलो. मला हसू येत नाही, आणि कारण सांगत बसायचीही इच्छा नाही. बोलू की सोडून देऊ? (सोलापूर)

उत्तर : बोला, आणि कारण न सांगता बोला. सेशनच्या आधी डीएमला एकट्याला फोन करा आणि म्हणा : ‘ती जन्मतः चोर असलेली जमात मला नको. टोळी ठेव, जन्म काढ.’ ‘का?’ आलं तर ‘ते राहू दे’ एवढंच उत्तर पुरेसं आहे. तुमचं घर, तुमची माणसं यांचा हिशोब टेबलाला द्यायला तुम्ही बांधील नाही.

कारण इतर वाचकांसाठी आम्ही सांगतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या यांनी कितीतरी समाजांना जन्मावरून गुन्हेगार ठरवलं. मूल जन्मलं की त्याच्यावरही शिक्का. पोलिसात हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, ‘सेटलमेंट’ हे नाव तिथलंच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. त्यामुळे ‘यांची पोरंही चोर’ हे वाक्य दुसऱ्या एखाद्या गावात नुसतं परीकथेतलं वाटेल. सोलापुरात ते सरकारी कायद्याचं वाक्य आहे, आणि त्या कुंपणाच्या आत राहिलेल्यांची नातवंडं तुमच्याच वर्गात बसतात.

डीएम मंडळी म्हणतात, ‘पुस्तकातच तसं लिहिलंय.’ लिहिलं होतं. जुन्या पुस्तकांत अख्ख्या वंशाला एकच स्वभाव चिकटवलेला असायचा. पण ऑर्क आणि ड्राउ या खेळातल्या वंशांची वर्णनं खऱ्या जगातल्या माणसांच्या बदनामीसारखी झाली होती, हे २०२० मध्ये प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्ट यांनीच कबूल केलं. ‘रेस’ हा शब्द सोडत असल्याचं त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं, आणि २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये त्या जागी ‘स्पीशीज’ आला. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

डीएमसाठी दुरुस्ती सोपी आहे, आकड्यांना हातही लावावा लागत नाही. गॉब्लिन म्हणजे खेळातले बुटके राक्षस. २०१४ च्या नियमांत त्यांचा आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड) १५ आणि हिट पॉइंट (किती मार सोसतो) ७, ते तसेच ठेवा. बदला तो परिचय. ‘गॉब्लिन जमात’ऐवजी ‘घाटवाटेवरची टोळी’ म्हणा आणि तिच्यात दोन गॉब्लिन, तीन माणसं, एक हाफलिंग (खेळातल्या बुटक्या लोकांपैकी) घाला. त्यांना काहीतरी हवं असू द्या : मिठाची वाट, पकडलेला भाऊ, सरदाराने बुडवलेली मजुरी. त्यांच्यातल्या एकाला हे सगळं पटत नसू द्या. आणि लढाईत निम्मे पडले की उरलेले पळतील किंवा हत्यार टाकतील, असा नियम ठेवा. शेवटचा माणूस मरेपर्यंत लढतो ते फक्त आळशी डीएमच्या टेबलावर. या बदलाने लढाई जास्त रंगते हा फायदा वेगळाच, कारण खेळाडूंना आता मारायचं की बोलायचं हे ठरवावं लागतं.

जाता जाता : नवा माणूस टेबलावर आला की ‘आडनाव काय?’ हा प्रश्न आपल्या तोंडातून आपसूक निघतो. तो का निघतो हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. टेबलावर नाव आणि पात्राचं नाव, एवढंच पुरे.

प्रश्न : मी मुलगा आहे आणि माझं पात्र एक सेनापती बाई आहे. ‘मी किल्ल्यात गेले’ म्हटलं की सगळे खो खो हसतात. इंग्रजीत खेळताना असं होत नाही. काय करू? (सात रस्ता)

उत्तर : इंग्रजीत होत नाही कारण तिथे ‘आय वेंट’मध्ये बाई-पुरुष कळतच नाही. मराठीत मात्र ‘मी गेलो’, ‘मी गेले’, ‘तू आलास’, ‘तू आलीस’, ‘तू वेडा’, ‘तू वेडी’, दर दुसऱ्या वाक्यात ते उघड होतं. म्हणून हा विषय मराठी टेबलावर टाळता येत नाही, तो सेशन झीरोतच घ्या.

ए-फोर कागदाच्या चौथाई तुकड्याला मधून घडी घालून तंबूसारखा उभा करा. बाहेरच्या बाजूला पात्राचं नाव आणि त्याखाली नुसतं ‘आली’ किंवा ‘आला’. आतल्या बाजूला, स्वतःला दिसेल असं, तुमचं क्रियापद : ‘गेले, आले, बघते’. दोन सेशनमध्ये जीभ वळते. तोवर तृतीय पुरुषात बोला : ‘सेनापती किल्ल्यात जातात.’ आदरार्थी बोललं की हसणारे आपोआप गप्प होतात. डीएमने तुम्हाला पात्र म्हणून हाक मारताना दर वेळी स्त्रीलिंगच वापरलं पाहिजे, त्याची जीभ घसरली की टेबलाची घसरते.

खेळाडू स्वतः ट्रान्सजेंडर असेल तर दोन्ही बाजू वेगळ्या विचारा, पात्रासाठी कुठलं क्रियापद आणि माणसासाठी कुठलं. उत्तर एकच असेल असं गृहीत धरू नका. चुकलात तर वाक्य दुरुस्त करून पुढे बोला, थांबून समारंभ नको.

प्रश्न : आमच्यात दोघं तेलुगू घरातले, एक कन्नड, बाकी मराठी. नियमांची पुस्तकं इंग्रजीत. निम्मा वेळ भाषांतरातच जातो आणि तेलुगू मुलं हळूहळू गप्प होत चालली आहेत. (पूर्व भाग)

उत्तर : नियमांची भाषा एक ठेवा आणि पात्राची भाषा मोकळी सोडा. पात्र चिडलं की तेलुगूत चिडेना का, एका वाक्यात अर्थ सांगितला की झालं. नियमांसाठी एका पानावर पंचवीसेक शब्द घ्या, आर्मर क्लास, सेव्हिंग थ्रो, इनिशिएटिव्ह वगैरे, आणि प्रत्येकापुढे एकेक ओळ मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये लिहून सगळ्यांना वाटा. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा एसआरडी ५.१ हा नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर खुला आहे. श्रेयाची ओळ ठेवली की त्याचं भाषांतर करून वाटता येतं.

मुलं गप्प होण्याचं कारण मात्र बहुधा शब्द नसतात. गोष्टीतला दुकानदार, नोकर किंवा बावळट माणूस आला की डीएम तेलुगू हेल काढून मराठी बोलतो का, ते बघा. काढत असेल तर बंद करा.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला या खेळाच्या ग्रुपला जायचंय. ग्रुपमध्ये मुलगे जास्त, काही वीस-बावीस वर्षांचे. पाठवू का? (विजापूर रोड)

उत्तर : ताई, खेळ चांगला आहे. ग्रुप चांगला आहे का, ते आधी बघा. पहिल्या दिवशी स्वतः जाऊन अर्धा तास बसा. जो ग्रुप यावर कां-कू करेल, तिथे पाठवूच नका.

मग विचारा. खेळतात कुठे, घराच्या हॉलमध्ये की आतल्या खोलीत, आणि दार उघडं असतं का. घरात दुसरं मोठं माणूस असतं का. संपायची वेळ ठरलेली आहे का. ‘लढाई चालू होती म्हणून उशीर झाला’ हे कारण दर वेळी येणार, तेव्हा वेळ झाली की लढाई अर्ध्यावर थांबवायची असा नियम हवा. घरी सोडायला कोण येणार हे आधी ठरलेलं असावं. अठराखालचं एकजरी मूल टेबलावर असेल, तर ‘नको’ची यादी त्या मुलाच्या वयाने ठरते : प्रेमप्रसंग नाही, लैंगिक काही नाही, पडद्याआडही नाही. मोठ्यांना ते हवं असेल तर त्यांनी वेगळं टेबल लावावं. निरोप सगळे ग्रुपवर, आणि त्या ग्रुपमध्ये तुम्ही असाल. मोठ्या खेळाडूंनी तिला एकटीला मेसेज करायचे नाहीत, ‘कॅरेक्टरचं सिक्रेट’ सांगायलासुद्धा नाहीत. ते सिक्रेट चिठ्ठीवर लिहून टेबलावर देता येतं.

काही वावगं घडलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. आणि आयोजकांसाठी सांगतो : पोक्सो, २०१२ प्रमाणे अठराखालच्या मुलाबाबत लैंगिक गुन्हा कळला तर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आपसात मिटवू’ चालत नाही.

प्रश्न : एका मित्राची नजर कमी आहे आणि एक मैत्रीण व्हीलचेअरवर असते. दोघांनाही खेळायचंय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर खेळतो, लिफ्ट नाही. (बाळे)

उत्तर : तिसरा मजला सोडा. उचलून नेऊ म्हणाल, पण दर रविवारी चार जणांनी उचलून नेलेलं कुणाला आवडेल? शिवाय मे महिन्यात सोलापुरात वरच्या मजल्याची भट्टी होते, आणि फुल स्पीडच्या पंख्याखाली कुणालाच नीट ऐकू येत नाही. तळमजल्यावरची खोली शोधा. दार मोकळं किमान ८० सेंटिमीटर रुंद हवं, ९० असेल तर उत्तम. टेबलाखाली गुडघ्यांना ७० सेंटिमीटर उंची हवी आणि मध्ये फळी नको. संडास-बाथरूमचं दारही मोजा, ते सगळे विसरतात आणि मग ती मैत्रीण पाणीच पीत नाही.

मित्रासाठी कॅरेक्टर शीट १८ ते २० पॉइंटच्या ठळक अक्षरात, दोन पानांवर पसरून छापा. चकचकीत कागद नको. दिवा मागून, खांद्यावरून यावा. पारदर्शक किंवा चमकी भरलेले फासे दिसायला सुंदर आणि वाचायला अशक्य. पांढऱ्या फाशावर काळे आकडे घ्या आणि गडद रंगाच्या ताटलीत टाका. चार बाजूंचा फासा भल्याभल्यांना वाचता येत नाही, त्याऐवजी आठ बाजूंचा टाकून निम्मं करा, अपूर्णांक आला तर वर धरा. आकडा दर वेळी मोठ्याने बोलायचा, सगळ्यांनी, नुसता मित्राने नाही. नकाशा दाखवून ‘हा इथे, तो तिथे’ म्हणू नका, ‘दारापासून दहा पावलांवर, डावीकडे’ असं बोला.

मैत्रिणीचं पात्र व्हीलचेअरवर असावं का, हे तिने ठरवायचं. हवं असेल तर सारा थॉम्पसन यांनी २०२० मध्ये कॉम्बॅट व्हीलचेअरचे तयार नियम काढले आहेत. नको असेल तर तिला ड्रॅगनवर बसू द्या. एक प्रकार मात्र करू नका : मंत्राने तिचे पाय बरे करायची मोहीम.

प्रश्न : खायला काय ठेवावं? आमच्यात शाकाहारी, मांसाहारी, रोजे धरणारे सगळे आहेत. (बेगम पेठ)

उत्तर : रमजानात सेशन इफ्तारच्या तासभर आधी संपवा किंवा इफ्तारनंतर सुरू करा, उपाशी माणसासमोर चार तास भजी खाऊ नयेत. सामायिक ताटात शाकाहारी, बाकी ज्याने त्याने आपल्या डब्यात. आणि हे सोलापूर असल्याने मुद्दाम : शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हे पहिल्याच कागदावर विचारा. शेंगाचटणीची पूड कडक भाकरीवरून बोटांवर येते, बोटांवरून फाशांवर, आणि फासे सगळ्यांच्या हातात फिरतात. ॲलर्जी असेल तर चटणी घरीच राहू द्या. नसली तरी फाशांना हात लावण्याआधी हात धुवा, तेलाचे डाग कॅरेक्टर शीटवरून जात नाहीत.

प्रश्न : ग्रुपमधला एक मित्र दर सेशनला मुलींच्या पात्रांशी घाणेरडं बोलतो. टोकलं तर म्हणतो, ‘मी नाही, माझं कॅरेक्टर तसं आहे.’ हॉल त्याचाच आहे, म्हणून सगळे सोसतात. दोघी मुली यायच्या बंद झाल्या. (नवी पेठ)

उत्तर : कॅरेक्टर त्यानेच बनवलं. शीटवर तसं लिहिणारा हात त्याचा आणि बोलणारं तोंडही त्याचंच. हा बचाव कुणाचाच ऐकू नका.

आधी जागा बदला. हॉल त्याचा असेपर्यंत त्याला कुणी काही सांगू शकणार नाही, आणि सांगितलं तरी त्याचा उपयोग होणार नाही. मग दोघांनी, तिघांनी नको, त्याला बाहेर चहावर गाठा. मोघम बोलू नका. ‘तू नीट वागत नाहीस’ म्हटलं की वाद सुरू होतो. ‘गेल्या रविवारी तू अमुक वाक्य बोललास. ते परत आलं तर तू या टेबलावर नसशील’, असं नेमकं सांगा. एकदा ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर. सगळ्यांसमोर मतदान घेऊ नका, त्यात त्याचे दोन दोस्त त्याच्या बाजूने हात वर करतात आणि ज्यांना त्रास झाला त्या एकट्या पडतात. आणि हात लावण्यापर्यंत गेलं असेल तर ताकीदही नाही, थेट बाहेर, आणि पुढे पोलिसात जायचं की नाही हे त्या मुलीने ठरवायचं. बाकीच्यांनी सोबत जायची तयारी ठेवायची.

त्या दोघींना ‘परत या ना’ असा आग्रह करू नका. तो गेल्याचं आणि नवीन जागेचं कळवा. त्यांना वाटलं तर येतील.

प्रश्न : गोष्टीत एका पात्राचे वडील वारले. सीन फार चांगला झाला, सगळे रडले. पण ती खेळाडू नंतर दोन दिवस गप्प होती. चांगल्या खेळाचंही असं होतं का? (अशोक चौक)

उत्तर : होतं. तो सीन तिला हवाही असेल. कमी पडलं ते खेळातून बाहेर यायला लागणारं अंतर. जड सीन सेशनच्या शेवटी ठेवू नका, शेवटचा अर्धा तास हलका राखा. फासे गोळा केल्यावर दहा-पंधरा मिनिटं उठू नका. प्रत्येकाने आज काय आवडलं आणि पुढच्या वेळी काय हवंय, असं एकेक वाक्य सांगायचं. याला स्टार्स अँड विशेस म्हणतात. बोलताना पात्राच्या नावाने नाही, स्वतःच्या नावाने बोला, तेवढ्याने माणूस अर्धा बाहेर येतो. पाणी, काहीतरी खाणं, पंखा, दिवे पूर्ण लावलेले. मग दुसऱ्या दिवशी दुपारी डीएमचा एक साधा मेसेज, ‘काल कसं वाटलं?’ एवढाच.

तिचं गप्प राहणं आठवड्याच्या पुढे गेलं, झोप-जेवण बिघडलं, तर ते आता खेळाचं राहिलं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तो तिला पाठवून मोकळे होऊ नका. तिची तयारी असेल तर फोन लागेपर्यंत शेजारी बसा.